थोरल्यांचा आवाज

वकील जिना चढतोय हे अण्णांना आधी कानांनी कळलं. खाली पहारेकऱ्याला तो फक्त गाडी कुठे लावू एवढंच विचारत होता, पण त्या आवाजाला हळू बोलणं माहीतच नव्हतं. रिकाम्या टाकीत कुणी बोलावं तसा तो भिंतींना आपटत वर आला. अण्णांनी उभं आयुष्य पाण्याचे पंप विकण्यात घालवलं होतं. टाकी भरलेली की रिकामी, हे ते बोटाच्या टिचकीवर सांगत. माणसांच्या बाबतीत त्यांची टिचकी हमखास चुकते, असं त्यांची बायको म्हणे.

“ह्याला कुणी बोलावलं?”

“मी,” मोठीआई म्हणाली. पहिल्या रांगेतल्या खुर्चीत ती शाल गुंडाळून बसली होती. जुन्या फिल्मला गारवा लागतो, म्हणून प्रयोगशाळेची सगळी इमारतच गार ठेवलेली. “माझ्या बापाचा बोलपट आहे. बोलावणं माझं.”

अण्णांनी तोंड मिटलं. आईसमोर पासष्टीतही त्यांचं तोंड आपोआप मिटत असे.

दोन घरांतून विस्तव जात नव्हता तो मोठीआईच्या लग्नापासून. त्या दिवशी भरल्या पंगतीत तिचे काका, म्हणजे धाकटे, बोलून गेले होते, “त्या बोलपटात तोंड दादाचं होतं, आवाज माझा.” थोरले, म्हणजे तिचे वडील, तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरल्यांची बायको जागची उठली आणि दिराला एकच शब्द म्हणाली, “उठा.” धाकटे अर्ध्या पानावरून उठले. तेव्हापासून मयताखेरीज कुणी कुणाकडे गेलं नाही. ह्या घरातली मुलं थोरल्यांच्या गडगडाटी आवाजाच्या गोष्टी ऐकत वाढली, त्या घरातली मुलं त्या आवाजावर झालेल्या अन्यायाच्या. ज्याच्यावरून हे सगळं, तो बोलपट मात्र दोन्हीकडच्या कुणीच पाहिलेला नव्हता. त्याची प्रत उरलीच नाही, असं सगळे धरून चालले होते. मग एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर ती सापडली आणि नेमकी त्याच प्रयोगशाळेत आली जिथे अण्णांची मुलगी जुन्या चित्रपटांचे आवाज साफ करायची.

रविवारी बोलपट लोकांना दाखवणार होते. निमंत्रणपत्रिकेवर अण्णांनी ‘पहिल्या बोलक्या खलनायकाचा बुलंद आवाज’ असं छापून घेतलं होतं. आज फक्त घरच्यांसाठी, कारण मोठीआईला गर्दीत ऐकू आलं नसतं. तिचा एक कान केव्हाच गेला होता. दुसऱ्याबद्दल कानाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की जे काही ऐकायचं असेल ते आता ऐकून घ्या.

वकील, धाकट्यांचा नातू, दाराशी येऊन थांबला. दार सताड उघडं होतं, तरी तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि खाकरला. दोन आखूड, एक लांब.

ही थोरल्यांनी घातलेली रीत. दार परक्यानं वाजवावं, घरच्यानं खाकरावं. आतून उत्तर यायचं, “उघडंच आहे,” मग दाराला कडी का असेना. त्या घरातही ही रीत अजून चालते, हे अण्णांना माहीत नव्हतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. सूनबाईनं, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, नवऱ्याकडे पाहिलं. तिनं निम्म्या गावाला गाडी चालवायला शिकवलं होतं आणि समोरचा चुकीच्या वळणावर निघाला की तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. आत्ता तो दाबला गेला.

“उघडंच आहे,” मोठीआई म्हणाली. “ये रे. माझ्या ह्या बाजूला बस, चालू कानाच्या.”

*

प्रोजेक्टरच्या खोलीच्या काचेतून अण्णांच्या मुलीनं, चिमटीनं हे सगळं पाहिलं. लहानपणी काटा कुणाच्याही पायात जावो, चिमटा घेऊन हीच पुढे, म्हणून हे नाव पडलेलं. पुढे ती पदार्थविज्ञान शिकली, पण काम तेच राहिलं. आवाजातले काटे काढायचे. फिल्मच्या कडेनं जाणारी आवाजाची पट्टी यंत्रावर वाचून घ्यायची, पडद्यावर तिचा आलेख उमटला की ओरखडे, तडे, फिल्म जोडलेल्या सांध्यांचे ठोके एकेक करून उपटायचे. कुठे कान लावावा लागे, पण बराचसा आवाज तिला आता डोळ्यांनीच कळायचा.

मागून दोन आखूड, एक लांब. “उघडंच आहे,” असं म्हणेपर्यंत सूनबाई आत आलीही होती.

“तुझा चेहरा का असा?” तिनं विचारलं. “परवापासून बघतेय. जेवणावर लक्ष नाही, अण्णांनी भाषण वाचून दाखवलं तर उठून गेलीस.”

चिमटीनं आईला यंत्रासमोर बसवलं आणि एक तुकडा लावला. पडद्यावर थोरले टेबलापासून निघून पार खिडकीपर्यंत चालत जातात आणि सगळा वेळ बोलत असतात. तिनं आईला डोळे मिटून ऐकायला सांगितलं.

“बुटांचा आवाज कुठे जातोय?”

“लांब.”

“आणि बोलणं?”

सूनबाईनं पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. पावलं खिडकीपर्यंत जात होती आणि आवाज टेबलाशीच होता, जागचा हलत नव्हता. तेव्हा आवाज मागाहून जोडायची सोय नव्हती, चिमटीनं समजावलं. एकच माइक, तोही कशात तरी दडवलेला. चित्र आणि आवाज एकाच वेळी घ्यायचे. म्हणजे चालणारा एक होता आणि माइकजवळ लपून बसून बोलणारा दुसरा.

“धाकटे खरं बोलत होते,” ती म्हणाली. “पणजोबा नुसते ओठ हलवतायत. सबंध बोलपटभर. मोठीआईला बापाचा आवाज ऐकायचाय, आई, आणि तो ह्यात नाहीच. मी तिला काय ऐकवणार आहे आत्ता?”

सूनबाईचा पाय पुन्हा दाबला गेला. मग म्हणाली, की सासूबाई शाळेतही जात नव्हत्या तेव्हा ते गेले, त्यांना त्यांचा आवाज आठवत नाही, त्यांनीच कितीदा सांगितलंय. ऐकतील त्याला बापाचा समजतील. आयुष्यभर वाट पाहिलीय, समजू देत.

“आणि वकीलकाका?”

“तेवढं मात्र बघायला हवं,” सूनबाई म्हणाली. “तो कशाला आलाय ते उघडच आहे.”

चिमटीला त्याही परिस्थितीत हसू आलं. त्या घरात हे दोन शब्द सरळ अर्थानं वापरायची सोयच नव्हती.

*

वकील कशाला आला होता, हे त्याला स्वतःला नीट माहीत होतं. गाडीत तो मनातल्या मनात बाजू मांडतच आला होता. पुरावा समोर पडद्यावर असणार, साक्षीदार हयात नाहीत, आणि त्याला हवं होतं फक्त एक वाक्य, ह्या घरातल्या कुणाच्या तरी तोंडून. तुझ्या आजोबांचा आवाज. बस्स. त्याचे आजोबा दाढी करताना आरशासमोर त्या बोलपटातली वाक्यं म्हणायचे आणि कुणी आलं की थांबायचे, चोरी पकडल्यासारखे. ते थांबणं त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

दिवे गेले. पडद्यावर एक श्रीमंत घर, आजारी मालक, त्याच्याभोवती नातेवाईक. सगळे टेबलावरच्या एका अवाढव्य फुलदाणीजवळ दाटीवाटीनं उभे होते. जो कुणी बोलायचा तो आधी फुलदाणीकडे झुकायचा.

“फुलांशी काय बोलतायत सगळे?” मोठीआईनं विचारलं.

“माइक आहे त्यात,” अण्णा मागून वाकून तिच्या श्रवणयंत्र लावलेल्या कानात म्हणाले.

“मग त्या फुलदाणीचं नाव द्यायला हवं होतं पहिलं.”

सगळे हसले. वकीलही हसला आणि अंधारात त्याचं आणि अण्णांचं हसू एकदम थांबलं. पुढेही हसण्यासारखं पुष्कळ होतं. इन्स्पेक्टर प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा, जणू प्रेक्षकांचेच कान गेलेत. मालकाची भाची रडत सांगत होती की मामाच्या औषधाचा रंग बदललाय, आणि पडद्यावरचे सगळे पुरुष तिला ‘तू दमली आहेस’ म्हणून झोपायला पाठवत होते. सूनबाई नाकातून फुसकारली. “एवढी एकटी शहाणी आहे त्या घरात,” ती म्हणाली, “आणि तिलाच खोलीत कोंडा.”

मग घरचा डॉक्टर आत आला, हातात बाटली. उंच, सडपातळ, डोळे असे की त्यांच्याकडे पाहताना आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. मोठीआई खुर्चीत पुढे सरकली. तिच्या भावाचे, अण्णांचे, चिमटीचे, सगळ्यांचे डोळे तिथून आले होते.

“घाबरू नका,” डॉक्टर म्हणाला. “औषध कडू असतंच.”

हे वाक्य दोन्ही घरांत कुणी आजारी पडलं की म्हटलं जायचं, खोल आवाज काढून. वकिलानं ते ऐकलं आणि आवाज ओळखला. त्याला असा आवाज मुद्दाम काढावा लागत नव्हता, तो त्याचाच होता. सकाळी न्यायालयात ‘हरकत आहे’ म्हणताना तो ह्याच आवाजात म्हणाला होता. खटला जिंकल्यासारखा तो मान वळवून मोठीआईकडे पाहायला गेला.

ती एक हात कानाच्या यंत्रावर धरून बसली होती. दुसऱ्या हातानं तिनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त ऐकणं होतं. फलाटावर गाडीतून उतरणाऱ्या माणसांत आपलं माणूस शोधावं तशी ती प्रत्येक शब्द येऊ देत होती आणि जाऊ देत होती. बराच वेळ झाला, पण तिचं माणूस उतरत नव्हतं.

मनात तयार केलेली बाजू वकिलाला एकाएकी आठवेना.

शेवटाकडे फक्त एक दार दिसत होतं. आत भाची आणि इन्स्पेक्टर दबा धरून बसलेले, बाटली टेबलावर. संगीत नाही, काही नाही. पुसून काढल्यासारखी शांतता. दार उघडलं, डॉक्टर आत आला, बाटलीकडे त्याची नजर गेली आणि त्याला सगळं कळलं. मग त्यानं फुलदाणीशेजारी उभं राहून फार लांबलचक कबुली दिली.

*

दिवे लागले. पडदा पांढरा झाला. अण्णांना वाटलं आपण काहीतरी बोलावं, रविवारच्या भाषणाची सुरुवात म्हणून दाखवावी.

“काय आवाज आहे,” ते म्हणाले. “आई, ऐकलास ना?”

“ऐकला,” मोठीआई म्हणाली. “बाबांचा होता का रे?”

प्रश्न कुणाला उद्देशून होता ते कळलं नाही. चिमटी प्रोजेक्टरच्या खोलीतून बाहेर आली होती, तिनं आईकडे पाहिलं. सूनबाईनं वकिलाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात विनंती होती की दम, हे तिलाही सांगता आलं नसतं.

वकील उठून मोठीआईसमोर गुडघ्यांवर बसला.

“त्यांचाच, आत्या,” तो म्हणाला. “थोरल्यांचाच आवाज. आमच्या आजोबांनी उगाच मनाला लावून घेतलं होतं. मी आज स्वतःच्या कानांनी ऐकलं.”

त्याला ते मनापासून म्हणायचं होतं. पण ते वाक्य त्या खोलीत घुमलं तेव्हा अण्णांच्या मानेवर काटा आला. आत्ता क्षणापूर्वी पडद्यावरून हाच माणूस बोलत होता. ‘घाबरू नका’मधला तोच घोगरा ‘घ’ आता ‘घेतलं’मध्ये. इतकी वर्षं त्यांनी वकिलाचा आवाज दुरूनच, अंत्यविधींच्या गर्दीत ऐकला होता. टिचकी मारायला कधी जवळ गेलेच नव्हते.

मोठीआईनं वकिलाच्या गालावर हात ठेवला.

“खोटं सांगायचं तर दुसऱ्याच्या आवाजात तरी सांगायचंस,” ती म्हणाली.

वकिलानं मान खाली घातली.

“धाकट्यांचाच आहे तो,” अण्णा म्हणाले. ते बोलले ह्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं. “आजीनं त्यांना पानावरून उठवलं, आई. खरं बोलले म्हणून उठवलं.” मग ते वकिलाकडे वळले. त्याला काय म्हणायचं हे त्यांना ठरवता येईना. आजवर ते त्याला टोमण्यानं वकीलसाहेब म्हणत आले होते. “तुझ्या आजोबांचा आवाज,” ते शेवटी म्हणाले. “रविवारी मी तसं सांगतो सगळ्यांना. तू ये. पुढे बस.”

हेच ते वाक्य. वकिलाला ते मिळालं, आणि ते घेऊन काय करायचं हे त्याला कळेना, कारण त्याचा गाल अजून मोठीआईच्या हातात होता.

“म्हणजे बाबा ह्यात बोलतच नाहीत,” ती म्हणाली. “बरं. बघायला तरी मिळाले.” तिनं शाल सारखी केली. आता उठावं अशा बेतानं तिनं खुर्चीचे दांडे धरले, पण उठली नाही. “एक सांग गं, चिमटे. शेवटी ते दारातून आत येतात ना, तेव्हा ते खाकरले कसे नाहीत?”

“नाटकातलं दार ते, आई,” अण्णा म्हणाले. “खुनी माणूस कशाला खाकरेल?”

“खुनी नाही खाकरणार. पण बाबा खाकरल्याशिवाय दाराला हात लावत नसत. कपाटाच्या दारालासुद्धा नाही. आई चिडवायची त्यांना, कपाटात कोण बसलंय म्हणून. तेवढंच आठवतं मला त्यांचं. मी टेबलाखाली लपून त्या खाकरण्याची वाट बघायची.” तिनं पांढऱ्या पडद्याकडे बोट दाखवलं. “तिथे फारच गप्प होतं. एवढं गप्प कुठलंच दार नसतं.”

चिमटीनं वळून प्रोजेक्टरच्या खोलीच्या काचेकडे पाहिलं.

तिला ती जागा आठवली. ऐकलेली नव्हे, पाहिलेली. आलेखाची रेघ सपाट आणि तिच्यावर तीन उंचवटे, दोन अरुंद, एक रुंद. कुणी बोलत नव्हतं, फिल्मला जवळच सांधा होता, तेव्हा हे सांध्याचे ठोकेच, असं तिनं ठरवलं होतं. कान न लावता. उपटले होते, आणि जागा अशी गुळगुळीत केली होती की तिच्या वरिष्ठांनी शाबासकी दिली होती. सबंध कामातला तो तिचा सगळ्यात स्वच्छ तुकडा होता. दोन अरुंद, एक रुंद. आणि ती ह्याच घरात जन्मली होती.

“थांबा,” ती म्हणाली. “कुणी उठू नका.”

*

साफ करण्याआधीची मूळ प्रत कधी पुसत नाहीत, हा त्या कामातला पहिला नियम. प्रत होती. चिमटीनं ती यंत्रावर लावली. ते सांध्याचे ठोकेच निघाले तर? मग तिनं म्हाताऱ्या माणसाला उगाच एकदा आणखी आशा लावलेली असणार, आणि ह्या वेळी खोटं बोलायलाही कुणी उरलं नव्हतं. आधी आपण एकटीनं ऐकून घ्यावं, असं तिला वाटलं. काचेतून तिनं पाहिलं तर मोठीआई पडद्याकडे तोंड करून बसली होती, हात कानाच्या यंत्रावर, पहिल्यासारखीच. वकील आता तिच्या एका बाजूला होता आणि अण्णा दुसऱ्या. सूनबाई मागे उभी, उजवा पाय गच्च जमिनीला टेकवून. चिमटीनं एकटीनं ऐकलं नाही.

आवाज तिनं पार वर नेला. खरखरही तेवढीच वर जाणार होती, त्याला इलाज नव्हता.

पडद्यावर पुन्हा ते दार आलं. ह्या वेळी शांतता नव्हती. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं सगळं तडतडत होतं, मधेच एखादा चटका, खाली कुठल्यातरी मोटारीची घरघर. अण्णांनी डोळे बारीक केले, जणू त्यानं ऐकू येतं. भाची आणि इन्स्पेक्टर दबा धरून बसले होते. बाटली टेबलावर होती. दार बंद होतं.

खरखरीच्या पलीकडून, लाकडाच्या मागून, लांबून, जिथे एखाद्या माणसाचे बूट असावेत नेमक्या तेवढ्या अंतरावरून, कुणीतरी खाकरलं. दोन आखूड. मग एक लांब, बारीक, शेवटी जरासं फाटणारं. गडगडाट नव्हताच तो. पिपाणीसारखा गळा होता, आणि बिचाऱ्याला पत्ताही नव्हता की आत फुलदाणी ऐकतेय.

वकिलानं ओळखलं. हा गळा त्याच्या घरातला नव्हता.

मोठीआईचा हात कानाच्या यंत्रावरून खाली आला. पडद्यावरचं दार अजून बंद होतं.

“उघडंच आहे,” ती म्हणाली.

आणि दार उघडलं.